येतंय म्हणे

दिवाळी अंकांची पहिली प्रुफं आषाढात निघायला लागतात. त्यामुळे मशीन बदलायचं तर ज्येष्ठातच बदलायला हवं. नारायण पेठेत अक्षरजुळणीचं दुकान चालवताना गेली पंचवीस-तीस वर्षं मी हे वेळापत्रक पाळत आलो आहे. आणि गेली दहा-बारा वर्षं ते मोडायचं काम माझा भाचा इमानेइतबारे करतो आहे. तो हिंजवडीत नोकरीला आहे. मी नवा मॅक घ्यायचा विषय काढला, की त्याचा ठरलेला फोन येतो. "मामा, आत्ता घेऊ नकोस. ऑक्टोबरात नवीन येतंय म्हणे."

या 'म्हणे'वर माझा जीव आहे. कित्येक भाषांत अफवा सांगायला अख्खं वाक्य लागतं. आपल्याकडे दोन अक्षरांत काम भागतं आणि सांगणाऱ्याच्या अंगावर काही राहत नाही. खरं निघालं तर "मी म्हणालो होतो", आणि खोटं निघालं तर "म्हणे, म्हटलं होतं ना!"

एका वर्षी मी त्याचं ऐकलं. आमच्या जुन्या मशीनवर तेव्हा एक रंगीत जाहिरातीचं पान उघडायचं म्हणजे ऑपरेटर खाली जाऊन चहा पिऊन येई. अडीचशे पानांचा अंक तसाच ओढला. रात्री अकरा-अकरापर्यंत मुलं बसली, दोघांनी घटस्थापनेची सुट्टी सोडली. नवीन मॅक जाहीर झाला ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि आमच्या टेबलावर आला तेव्हा अंक बाजारात जाऊन भाऊबीजही उरकली होती. मशीन झकास होतं, वेगही सांगितला तसाच होता. फक्त त्याला द्यायला काम उरलं नव्हतं. डिसेंबरभर आम्ही त्यावर लग्नपत्रिका केल्या.

तेव्हापासून मी या 'येतंय म्हणे'कडे जरा निरखून पाहायला लागलो. ॲपलच्या पुढच्या मॅकबद्दल, पुढच्या आयफोनबद्दल, त्यातल्या सॉफ्टवेअरबद्दल जगभर जो अंदाजांचा बाजार भरतो, त्याचा मी आता जुना वाचक आहे. ब्लूमबर्गचा मार्क गुरमन काय लिहितो, तैवानमधून पुरवठादारांचा माग काढणारा मिंग-ची कुओ काय म्हणतो, हे सकाळच्या चहाबरोबर वाचायची सवय लागली आहे. आधी एक कबूल करतो. हा सगळाच बाजार हवेतला नाही. आयफोनची आवरणं बनवणाऱ्यांना यंत्राची मापं महिनोन्‌महिने आधी लागतात, ती कुठून तरी झिरपतात. रशियासह युरेशियन देशांच्या आयोगाकडे नव्या यंत्रांची नोंद करावी लागते. त्या यादीत नवा मॉडेल क्रमांक दिसला, की घोडं जवळ आलं असं समजतात. कधी कंपनीच्याच हातून निसटतं. २०१७च्या जुलैअखेरीस होमपॉड नावाच्या स्पीकरचं सॉफ्टवेअर वेळेआधी बाहेर पडलं. त्यात कुणाला एक चिमुकलं रेखाचित्र सापडलं आणि आयफोन टेनचा वरून खाच पाडलेला चेहरा जगाने पाहिला. फोन जाहीर व्हायला तेव्हा जवळजवळ दीड महिना बाकी होता.

पण खरं निघालेलंच लक्षात राहतं, ही यातली गोम आहे. माझ्या आजोबांकडे पंचांग होतं. त्यात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचं वाहन दिलेलं असायचं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला तर पाऊस चांगला, कोल्हा असला तर पाण्याची चिंता. म्हशीच्या नक्षत्रात धो धो कोसळला, की आजोबा पंचांग काढून सगळ्यांना दाखवत. कोरडं गेलं, की पंचांग फळीवरच राही. ॲपलच्या अंदाजांचंही तसंच आहे. २००५च्या जूनमध्ये बातमी आली की मॅक आता इंटेलच्या चिपवर जाणार. निम्म्या लोकांनी वेड्यात काढलं, आणि तीन दिवसांत स्टीव्ह जॉब्जनी मंचावरून तेच जाहीर केलं. वर सांगितलं की गेली पाच वर्षं मॅकची प्रत्येक आवृत्ती गुपचूप इंटेलवरही चालवून पाहिली जात होती. ज्या मशीनवर ते तासभर प्रात्यक्षिक दाखवत होते, तेही पेंटियमवरच चालत होतं. मॅक ॲपलच्या स्वतःच्या चिपवर जाणार, ही कुजबुजही वर्षानुवर्षं चालली होती. २०२०च्या जूनमध्ये ती खरी झाली आणि नोव्हेंबरात एम-वन चिप हातात आली. हे सगळ्यांना पाठ आहे.

न आलेल्या गोष्टींची यादी मात्र कुणी ठेवत नाही. म्हणून मी ठेवली आहे. जी-फाइव्ह चिपचा पॉवरबुक. २००३ साली जॉब्जनी भर सभेत शब्द दिला होता की ही चिप वर्षभरात तीन गिगाहर्ट्झवर जाईल. ती २.७च्या पुढे सरकली नाही, आणि लॅपटॉपमध्ये तर बसलीच नाही. तरी "पुढच्या मंगळवारी येतोय" असं दोन वर्षं चाललं होतं. ॲपलचा टीव्ही संच. एक नावाजलेला विश्लेषक वर्षामागून वर्षं सांगत होता की यंदा येणारच. अखेर २०१५मध्ये त्यानेही हात टेकले. ॲपलची मोटार. दहा वर्षं तिच्याबद्दल लिहून आलं, तिच्या काचा आणि चाकांपर्यंत चर्चा झाली, आणि २०२४च्या फेब्रुवारीत कंपनीने ते कामच बंद केलं. आयपॅड आला खरा, पण येण्याआधी जाणकार हजार डॉलर धरून बसले होते. २७ जानेवारी २०१० रोजी आकडा निघाला ४९९. निम्मा! इतका चुकलेला अंदाज एखाद्या छापखान्याने कागदाचा दिला असता, तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

मग कंपनी स्वतःच सांगून का टाकत नाही, असं भाच्याने मला एकदा विचारलं. त्याला मी ॲडम ऑसबोर्नची गोष्ट सांगितली. हा माणूस जन्माने बँकॉकचा, पण लहानपण गेलं तमिळनाडूत, तिरुवन्नमलईला. वडील आर्थर ऑसबोर्न हे रमण महर्षींचे भक्त, त्यांच्यावर पुस्तकं लिहिलेले. अशा घरातला मुलगा अमेरिकेत गेला आणि १९८१च्या एप्रिलमध्ये त्याने हातात धरून नेता येईल असा संगणक विकायला काढला. वजन अकरा किलोच्या घरात, पडदा जेमतेम पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर, लिहायचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यातच. धडाक्यात खपला. मग कंपनीने पुढच्या, सुधारलेल्या मॉडेलबद्दल बोलायला सुरुवात केली. लोकांनी काय केलं? माझ्या भाच्यासारखं केलं. "थांबू या की, नवीन येतंय." जुनं पडून राहिलं, नवं वेळेत हातात येईना, आणि १९८३च्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. अभ्यासक म्हणतात, एवढं एकच कारण नव्हतं. कायप्रोसारख्या स्वस्त स्पर्धकांनी आणि आयबीएमच्या घराण्यातल्या यंत्रांनीही तिचं रान खाल्लं होतं. ते असेल. पण धंद्याच्या शब्दकोशात 'ऑसबोर्न परिणाम' हा शब्द तेव्हापासून आहे तो आहे. ऑसबोर्न पुढे आजारी होऊन भारतात परतले आणि २००३मध्ये कोडाईकनालला वारले.

ॲपलनेही हा चटका खाल्लेला आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी 'कोपलँड' नावाच्या नव्या कार्यप्रणालीचा केवढा गाजावाजा केला होता! माहितीपत्रकं, प्रात्यक्षिकं, तारखा. १९९६च्या ऑगस्टमध्ये ते सगळं गुंडाळावं लागलं. त्याच डिसेंबरात जॉब्जची नेक्स्ट ही कंपनी विकत घ्यायचं ठरलं आणि तिच्या पायावर उभं राहिलेलं मॅक ओएस टेन लोकांच्या हातात यायला २००१चा मार्च उजाडला. जॉब्ज परतल्यावर तोंडाला जे कुलूप लागलं, त्याचं मूळ मला यात दिसतं.

त्या कुलपाचा अतिरेकही झाला. २००४-०५मध्ये 'ॲस्टेरॉइड' नावाच्या एका जोडणीच्या डबीची बातमी फुटली. संगीत करणाऱ्यांनी गिटार मॅकला जोडावी म्हणून ती होती. बातमी देणाऱ्यांनी ती कुणाकडून मिळवली हे शोधायला ॲपल कोर्टात गेली. २००६च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने बातमीदारांच्या बाजूने निकाल दिला: छापील कागदावर लिहीत नसले तरी आपले स्रोत झाकण्याचा हक्क त्यांना आहे. ती डबी मात्र आजवर बाजारात आली नाही. न जन्मलेल्या पोराच्या बारशावरून एवढं भांडण! त्याच सुमारास ४९९ डॉलरच्या मॅक मिनीची बातमी आधी दिली म्हणून हार्वर्डमधल्या एका विद्यार्थ्याच्या 'थिंक सीक्रेट' या संकेतस्थळावर दावा गुदरला होता. २००७च्या अखेरीस तडजोड झाली. पोराने स्रोत सांगितला नाही, पण दुकान बंद केलं.

तर कंपनी बोलणार नाही, आणि बाकीचे बोलायचे थांबणार नाहीत. चालू द्या. माझी तक्रार वेगळीच आहे. या सगळ्या बाजारात 'काय येणार' एवढाच माल मिळतो. 'काय जाणार' हे कुणाच्या हातगाडीवर नसतं. आणि आमच्यासारख्यांना खरी गरज त्याची आहे.

मागच्या वर्षी एक बाई दुकानात आल्या. त्यांचे वडील शिक्षक. त्यांच्या आठवणींचं पुस्तक २००१ साली आम्हीच जुळवलं होतं. बारा फर्मे, म्हणजे १९२ पानं. वडील गेले, आता दुसरी आवृत्ती काढायची आहे. "तुमच्याकडे असेलच ना कॉम्प्युटरमध्ये?" बाईंनी विचारलं. मी मोठ्या रुबाबात "आहे की" म्हणालो. कपाटातून झिप डिस्क काढली. जाड फ्लॉपीसारखी, शंभर एमबीची, वर माझ्याच अक्षरात पुस्तकाचं नाव. आता ही घालायची कुठे? माळ्यावर जुना जी-फोर मॅक होता, २००० सालचा. दोघांनी धरून तो खाली उतरवला, धूळ झाडली, समोरचं बटण दाबलं. तो 'ढँग' असा आवाज झाला आणि पडद्यावर हसऱ्या मॅकचं चित्र आलं. दुकानातली मुलं बघायला गोळा झाली. त्यांतल्या एकाचा तर जन्मच त्यानंतरचा. आतली सुपारीएवढी बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे घड्याळ थेट मॅकच्या आद्य दिवसावर जाऊन बसलं होतं: १ जानेवारी १९०४. म्हणजे टिळक मंडालेला जायच्या चार वर्षं आधी!

फाइल उघडली. पानं जशीच्या तशी, समासांसकट. पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या मशीनवर आणली, तर पान लावायचं आजचं सॉफ्टवेअर ती ओळखेना. मजकूर तेवढा सोडवून आणला, तर पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं. त्या काळी प्रत्येक फॉन्टवाल्याचा मराठीचा कोड स्वतःचा असे. 'क' कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी बसवायचा, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. फॉन्ट गेला, की भाषाही गेली. शेवटी एक रूपांतर करणारा प्रोग्राम मिळाला आणि ८०-९० टक्के मजकूर मराठीत परत आला. उरलेल्याने आमचा घाम काढला. 'पूर्व'वरचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला. 'दऱ्या'तला अर्धा र गायब, त्यामुळे मास्तर कोकणातल्या डोंगर आणि 'दया' उतरले. दोनदा प्रुफं वाचली. त्या बाईंनी तिसऱ्यांदा वाचली आणि आमच्या नजरेतून सुटलेली सतरा ठिकाणं काढून दिली.

यात चूक माझी होती. मजकूर वेळीच युनिकोडमध्ये काढून ठेवला असता, तर ही वरात निघाली नसती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण तेव्हा आम्ही सगळे 'नवीन काय येतंय' वाचण्यात गुंतलो होतो.

जाणाऱ्या गोष्टींची ही वंशावळ बघा. १९९८च्या ऑगस्टमध्ये पहिला आयमॅक आला, तो फ्लॉपीला दार न ठेवताच. मॅक ओएस नऊचे जुने प्रोग्राम चालवणारं 'क्लासिक' २००७च्या लेपर्डमध्ये गेलं. पॉवरपीसीचे प्रोग्राम इंटेलवर चालवून देणारा 'रोझेटा' नावाचा दुभाषी २०११च्या लायनमध्ये गेला. सीडीची फट एकेका मॅकमधून नाहीशी होत गेली. ३२ बिटचे प्रोग्राम २०१९च्या कॅटलिनात एका रात्रीत बंद पडले. तिकडे अडोबीने २०२३च्या जानेवारीपासून पोस्टस्क्रिप्ट टाइप वन फॉन्टांना आपल्या प्रोग्रामांत जागा ठेवली नाही. म्हणजे नव्वदच्या दशकात छापखानेवाल्यांनी पैसे मोजून घेतलेले फॉन्ट नुसते शोभेचे झाले. पेजमेकरच्या फाइली शेवटच्या उघडणारा इनडिझाइन सीएस-सिक्स, २०१२चा. त्यापुढच्यांनी ती ओळख सोडली. ज्या पेजमेकरने १९८५मध्ये मॅक आणि लेझरप्रिंटर यांच्या जोडीने आमचा हा डीटीपीचा धंदाच जन्माला घातला, त्याची ही गत.

यातलं बरंचसं कंपन्यांनी आधी सांगितलं होतं, हेही खरं. पण सांगायच्या सुरात फरक असतो. येणाऱ्याला मंच, दिवे, टाळ्या. जाणाऱ्याला तांत्रिक कागदात एक ओळ. २०२५च्या जूनमध्ये ॲपलने मॅकचा नवा काचेरी चेहरा दाखवला, 'लिक्विड ग्लास' नावाचा. त्यावर जगभर स्तंभ भरले: अक्षरं वाचता येतात का, काच जास्त झाली का. त्याच आठवड्यात हेही सांगितलं गेलं की टाहो, म्हणजे मॅक ओएस २६, ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती, आणि इंटेलचे प्रोग्राम नव्या चिपवर चालवून देणारा दुसरा रोझेटा २७पर्यंतच पूर्णपणे मिळेल. माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्या आठवड्याची बातमी ही होती. इंटेलचा शेवटचा मॅकबुक एअर २०२०च्या मार्चमध्ये आला. त्याला तर टाहोही मिळाली नाही. ज्याने तो तेव्हा कोरा घेतला, त्याच्या यंत्राला साडेपाच वर्षांत नव्या आवृत्तीची दारं लागली. नवी चिप सहा-आठ महिन्यांत येते आहे म्हणून तेव्हा जे थांबले, त्यांचं भलं झालं, हे मान्य करायलाच हवं. भाचा हा दाखला मला दर वर्षी देतो. २०२४च्या ऑक्टोबरचाही देतो: मॅक मिनी तळहाताएवढा झाला आणि ५९,९०० रुपयांच्या सुरुवातीच्या मॉडेलात मेमरी आठाची सोळा जीबी झाली. थांबण्यात फायदा असतोच कधी कधी. पण २०२०च्या थांबण्यात फायदा का झाला, हे नीट पाहिलं तर उत्तर माझ्याच बाजूला येतं: एक अख्खी जात जाणार होती. 'नवीन वेगवान असेल' हा अंदाज कुणीही करू शकतो, नवीन नेहमीच वेगवान असतं. 'हे आता जाणार' हा अंदाज मोलाचा होता.

सध्याच्या कुजबुजीही मी याच चाळणीतून काढतो. मॅकला बोटाने चालणारा पडदा येतोय म्हणे. जॉब्ज २०१०मध्ये म्हणाले होते की उभ्या पडद्यावर हात लावून काम केलं तर थोड्या वेळात हात भरून येतो. आमच्या भिंतीवरच्या वेळापत्रकावर खडूने लिहिणाऱ्या मुलाला विचारा, तोही हेच सांगेल. पडदा आला तर येवो. मी विचारीन की त्यासाठी बटणं आणि यादीतल्या ओळी फुगवल्या, तर आमच्या पानाला किती जागा उरली? घडीचा आयफोन येतोय म्हणे. येवो, प्रुफं वाचायला बरा. सिरी हुशार होणार म्हणे. हे तर 'म्हणे'सुद्धा नव्हतं. २०२४च्या जूनमध्ये कंपनीने स्वतःच मंचावरून दाखवलं, जाहिरातीही केल्या, आणि २०२५च्या मार्चमध्ये सांगितलं की अजून वेळ लागेल. कोपलँडची आठवण मला त्या दिवशी आली. कुलूप लावणाऱ्याच्या घरातलाच कुणीतरी कोपलँड विसरला होता.

आणि आता अशी एक गोष्ट, जी कुठल्याच अंदाजात माझ्या वाचनात आली नव्हती. मॅकच्या फॉन्टांच्या यादीत खाली जा. 'श्री देवनागरी ७१४' दिसेल. श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचा तो फॉन्ट, जगातल्या प्रत्येक मॅकमध्ये जाऊन बसलेला. थोडं वर 'आयटीएफ देवनागरी मराठी' नावाचा आणखी एक. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे, हिंदी वळणाचे नाहीत. मराठी 'ल'साठी आम्ही पूर्वी काय काय कसरती केल्या आहेत ते आमचं आम्हाला माहीत. पहिल्यांदा ते दोन शब्द यादीत दिसले, तेव्हा मी खुर्चीतून उठून मुलांना बोलावलं होतं. चिपचा वेग किती टक्क्यांनी वाढला, हे मला आज एकाही मॉडेलचं सांगता येणार नाही. तो 'ल' दिसला तेव्हा टेबलावर कुठली प्रुफं पडली होती, ते सांगता येईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी नव्या यंत्राच्या मंचावर शेवटची पाच मिनिटं जाणाऱ्यांना द्यावीत: हे हे आता चालणार नाही, या तारखेपासून, तुमचं जुनं असं असं बाहेर काढून ठेवा. टाळ्या पडणार नाहीत, हरकत नाही. अंदाज बांधणाऱ्यांनीही एक स्तंभ 'जातंय म्हणे' नावाने चालवावा. मी रोज वाचीन. आणि आपल्या मराठी प्रकाशकांनी, अंकवाल्यांनी, संस्थांनी भाकितं वाचायच्या आधी स्वतःचं कपाट उघडावं. १९९०पासूनची वीसेक वर्षं जे जे मराठी संगणकावर जुळलं, त्यातलं पुष्कळसं अशाच कुलुपबंद कोडांत पडलेलं आहे. ते वाचू शकणारी यंत्रं माळ्यांवर आहेत, आणि ती यंत्रं चालवता येणारी माणसं माझ्या वयाची आहेत. कुठल्या महिन्यात कोण जाईल, याचा अंदाज ब्लूमबर्गमध्ये येत नाही.

यंदा ज्येष्ठात मी मशीन घेतलं. भाच्याचा फोन आला होता. मी म्हटलं, "तुझं खरं असेल, पण आषाढ माझ्यासाठी थांबणार नाही." तो हसला आणि रविवारी स्वतः येऊन जोडणी करून गेला. जाता जाता त्याने ऑनलाइन एक वस्तू मागवली; चार दिवसांनी ती दुकानात आली. जी-फोरच्या पाटीवर बसणारी, ३.६ व्होल्टची ती सुपारीएवढी बॅटरी.

ती बसवली. घड्याळ १९०४मधून काढून आजच्या तारखेवर आणलं. मास्तरांची डिस्क पुन्हा एकदा घालून पाहिली, चालते आहे. कपाटात अशा आणखी एकेचाळीस आहेत. दिवाळी अंक हातावेगळे झाले की रोज संध्याकाळी एक, असं ठरवलं आहे. तोपर्यंत जी-फोर माळ्यावर जाणार नाही. दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. येणारी-जाणारी माणसं विचारतात, "नवीन घेतलंत वाटतं?"